सरकारची हद्द कुठवर? महाराष्ट्र विधानसभेच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी एका छोट्या पक्षाचा उमेदवार होतो. आमच्या पक्षाचा एकही माणूस आज तुमच्या सभागृहात नाही. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते, आणि माझे दहा हजार रुपये तसे गेले. लोकांनी दिलेला कौल मला मान्य आहे. पण त्या तीन आठवड्यांत दारोदार फिरताना जे ऐकलं, ते तुम्हा २८८ जणांपर्यंत पोचवायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

बहुतेक घरांत मला एकच प्रश्न विचारला गेला: "निवडून आलात तर आम्हाला काय देणार?" मी म्हणायचो, "देणार काही नाही. तुमच्या वाटेत सरकारने जे आडवं घालून ठेवलंय, ते काढायला जाणार आहे." ऐकणारा गप्प व्हायचा, मग पाणी विचारायचा. उमेदवाराच्या तोंडून लोकांना हे उत्तर अपेक्षित नसतं. एका घरात मात्र एक बाई आत गेल्या आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ, अर्जाच्या पोचपावत्या. जमिनीवर वारसनोंद लावायची होती. वाद नव्हता, भाऊबंदांची हरकत नव्हती. हेलपाटे घालून त्या थकल्या होत्या आणि शेवटी त्यांना सांगण्यात आलं होतं की आमदारांचं पत्र आणा, मग बघू. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही निवडून आलात तर पत्र द्याल ना?"

मी 'देईन' म्हणालो नाही. त्या प्रसंगात तसं म्हणणं सोपं होतं, आणि न म्हणणं त्यांना कठोर वाटलं असेल. पण वारसनोंद कशी करायची, नोटीस कुणाला द्यायची, किती दिवस थांबायचं हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर ठरावीक मुदतीत सेवा मिळणं हा हक्क ठरवला आणि मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही ठेवला. एवढं असताना आमदाराच्या पत्राला जागा उरतेच कशी? उरते, कारण नियम जिथे ढिला सोडलेला असतो तिथे माणसाची मर्जी शिरते, आणि मर्जी शिरली की ती वळवणारा कुणीतरी लागतो. तुमच्या कार्यालयांबाहेर सकाळी सातपासून जी गर्दी असते ती या मर्जीपायी असते. तिच्यातल्या निम्म्या माणसांना तुमच्याकडे यावंच लागू नये, असे कायदे करणं हे तुमचं खरं काम आहे.

मर्यादित सरकार म्हणजे मला काय म्हणायचं आहे, ते एवढंच. जे करायला मला कुणाला विचारावं लागत नाही, त्याची यादी लांब असावी. जे विचारूनच करावं लागतं, त्याची यादी आखूड असावी, लेखी असावी आणि गावातल्या कुणालाही वाचून कळावी.

हा विचार मी पुस्तकातून उचललेला नाही. मी कापूसपट्ट्यात वाढलो. १९७१ साली याच विधिमंडळाने कायदा केला आणि पुढच्या वर्षीपासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. महाराष्ट्रात पिकलेला कापूस शेतकऱ्याने सरकारी व्यवस्थेलाच विकायचा, दुसऱ्या कुणाला विकला तर तो गुन्हा. मी लहान असताना वडिलांबरोबर बंडीवर बसून केंद्रावर जायचो. बंड्यांची रांग फाट्यापर्यंत आलेली असायची. एक रात्र, कधी दोन रात्री तिथेच मुक्काम. बैलांचा कडबा घरून न्यायचा, आपली शिदोरी घरून न्यायची. सकाळी ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा माणूस, बंडीत हात घालायचा, मूठभर कापूस उचलायचा, आणि त्या एका मुठीवर वर्षभराच्या मेहनतीची ग्रेड ठरायची. वर कटती, म्हणजे वजनातली कपात. ग्रेड पटली नाही तर काय करणार? माल परत न्यायचा म्हटलं तर दुसरा ग्राहकच नव्हता. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, यायचा तो हप्त्यांनी. पेरणीच्या वेळी आधीच्या हंगामातला शेवटचा हप्ता बाकी असायचा आणि बियाण्यासाठी सावकाराकडे जावं लागायचं. म्हणजे ज्या सावकारापासून सोडवायला योजना आणली, त्याच्याच दारात माणूस पुन्हा उभा राहायचा.

राज्याच्या सीमेपलीकडे भाव जास्त असला की काही जण रात्री कापूस तिकडे न्यायचे. वाटेत चौक्या होत्या. एकदा आम्हीही निघालो. मी पोत्यांवर झोपलो होतो, आणि मध्येच बंडी थांबल्यावर जागा झालो. वडील खाली उतरून अंधारात पुढचा रस्ता बघत होते. परत आल्यावर हळू आवाजात आईला म्हणाले, "आपलाच कापूस आपण चोरून नेतोय." त्या रात्री कुणी अडवलं नाही. पण ज्या माणसाने आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही, त्याला स्वतःच्या शेतातल्या पिकासाठी चोरासारखं लपावं लागलं, हे मी विसरलेलो नाही.

योजना आणणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. व्यापारी लुटत होते, हे खरं होतं. काही वर्षी योजनेचा भाव बाजारापेक्षा चढा होता, त्या वर्षी शेतकऱ्याचं भलंही झालं आणि तोटा तिजोरीने सोसला. योजना ऐच्छिक ठेवली असती तर माझी काही हरकत नसती. हमीभाव द्या, केंद्रं उघडा, आणि ज्याला परवडेल तो येईल. त्या कायद्यातला दोष एका जागी होता: शेतकऱ्याला 'नाही' म्हणायची सोय त्यात नव्हती. ती सोय काढून घेतली की ग्रेडरला माल नीट बघायची गरज राहत नाही, चुकारा वेळेवर द्यायची गरज राहत नाही, रांगेतल्या माणसाला पाणी द्यायचीही गरज राहत नाही. तो एकाधिकार मोडायला तीन दशकं लागली. शेतकरी संघटना उभी राहिली, तिचे नेते शरद जोशी यांनी गावोगाव जाऊन 'सूट-सबसिडीचे नाही काम, आम्हाला हवे घामाचे दाम' ही भाषा रुजवली, लोक तुरुंगात गेले. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा शेतकऱ्यांवरची बंधनं उठवा ही मागणी घेऊन ते निवडणुकीत उतरले. निवडणुकीच्या गणितात तो पक्ष लहानच राहिला. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजून तुमच्यासमोर आहे.

कारण तसे कायदे संपलेले नाहीत. कांद्याच्या निर्यातीवर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. तो निर्णय दिल्लीचा, त्याचं उत्तर दिल्लीने द्यावं. मी तुमच्या अखत्यारीतलं बोलतो. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा घ्या. जमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत, हा त्यामागचा विचार. शहरं वाढली, गावांच्या कडेला वस्ती झाली, लोकांनी दोन-दोन गुंठे घेऊन घरं बांधली. कायद्यात ते बसत नव्हतं, म्हणून स्टँपपेपरवर व्यवहार झाले आणि सातबाऱ्यावर नाव लागलं नाही. नाव नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, आणि भांडण झालं तर दाखवायला कागद नाही. लाखो माणसं आपल्याच घरात बेकायदा ठरून राहिली. ते व्यवहार नियमित करण्याचं पाऊल २०२५ मध्ये उचललं गेलं, याचं मी मनापासून स्वागत करतो. पण ७८ वर्षं गेली मधे. जो कायदा पाळणं सामान्य माणसाला शक्यच नाही, तो लोक मोडतात, आणि मग मोडणाऱ्यापैकी कुणाला धरायचं व कुणाला सोडायचं हे खालच्या पातळीवरचा एक कर्मचारी ठरवतो. भ्रष्टाचारावर तुम्ही सभागृहात तासन् तास बोलता. त्याचं मूळ इथे आहे.

तुमच्याच हातून चांगलंही घडलं आहे, तेही सांगायला हवं. दुकाने व आस्थापना यांचा १९४८ चा कायदा जाऊन २०१७ मध्ये नवा आला. तेव्हा ठरलं की दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, फक्त कळवायचं. दुकान किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं ते दुकानदाराने ठरवायचं. कामगारांच्या सुट्टीचे, कामाच्या तासांचे नियम कायम राहिले. आभाळ कोसळलं नाही. 'परवानगी घ्या' या जागी 'कळवा' असा एक शब्द बदलला, त्याने किती माणसांच्या खेपा वाचल्या असतील!

आता माझ्या मताला जी खरी हरकत आहे तिच्याकडे येतो. प्रचारात एका वस्तीतल्या तरुणाने मला ती तोंडावर ऐकवली. तो म्हणाला, "सरकार मागे सरकलं तर पुढे कोण येणार? गावातलेच दांडगे ना? आम्हाला पाण्यावर जाऊ दिलं ते सरकारनेच." त्याचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ज्यांच्यावर समाजानेच शतकानुशतकं बंधनं लादली त्यांना 'सरकारपासून स्वातंत्र्य' ही भाषा पोकळ वाटणारच. पण पाण्याचा तो इतिहास तुमच्या सभागृहाच्या पूर्वजाचा आहे, म्हणून तो नीट पाहू. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला: सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांनाही खुली असावीत. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावरचं हे खुलेपण प्रत्यक्षात मात्र आलं नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

बोले ठरावाचं स्वरूप पाहा. तळ्यावर जायला कुणाचा परवाना घ्या, असं त्यात नाही. जाणाऱ्याला अडवण्याचा अधिकार कुणाला नाही, असं तो म्हणतो. सरकारने असा कायदा करावा आणि मग अडवणाऱ्या दांडग्याला धरायला पूर्ण ताकदीने उभं राहावं, हीच माझी मागणी आहे. मर्यादित सरकार दुबळं नसतं. चार कामं ज्याला नेमून दिली आहेत त्याच्याकडून ती चोख घेता येतात. आज देशातल्या न्यायालयांत पाच कोटींच्या आसपास खटले पडून आहेत, आजोबाने लावलेला दावा नातू चालवतो. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली जाईल याची गरिबाला खात्री नाही. सरकारचं पहिलं कर्तव्य तेच आहे आणि तिथेच माणसं कमी, पैसा कमी, लक्ष कमी. उलट नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासायला सरकारने मंडळ नेमून ठेवलं आहे.

बाबासाहेबांचंच आणखी एक उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. शेती आणि मोठे उद्योग सरकारी मालकीचे असावेत, असं १९४७ मध्ये त्यांनी स्वतः मांडलं होतं. त्यांचं माझं इथे पटत नाही, हे मी लपवत नाही. तरीही १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत के. टी. शहांनी 'समाजवादी' हा शब्द घटनेत घालण्याची दुरुस्ती आणली तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक घडी कशी असावी ते त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं आहे, घटनेने त्यांचे हात बांधले तर ती लोकशाहीच मोडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतःला मान्य असलेली गोष्टसुद्धा पुढच्या पिढ्यांवर लादायची नाही, एवढा संयम त्या माणसाकडे होता. तो शब्द पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीने आला. आज कोणत्याही पक्षाला निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. आमच्या पक्षाचा त्यावर विश्वास नाही. मग खोटं लिहून द्यायचं, की निवडणूक लढवायचीच नाही? हा कायदा संसदेचा आहे, पण विचारस्वातंत्र्य मानणाऱ्या प्रत्येकाने त्याबद्दल बोलायला हवं.

सरकारची हद्द फक्त बाजारापुरती असते, असं समजणारे माझ्या बाजूला बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. शेतकऱ्याला मोकळीक हवी आणि बोलणाऱ्याला नको, असं चालत नाही. जुलै २०२५ मध्ये तुम्ही महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. एखादी संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळाला. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या, एवढ्या लोकांनी कागद-पेन हाती घेतलं ते उगाच नाही. नक्षलवादी हिंसेचा बंदोबस्त सरकारने करावा, ते सरकारचंच काम आहे. पण सत्ताधारी सदस्यांना माझं एक सांगणं आहे. नोव्हेंबर २०१९ ते डिसेंबर २०२४ या पाच वर्षांत या राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले. आज उजवीकडच्या बाकावर बसलेला उद्या डावीकडे असतो, हे तुमच्याइतकं कुणी अनुभवलेलं नाही. हा अधिकार उद्या ज्यांच्या हाती जाईल त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा आणि त्या कायद्यातली व्याख्या पुन्हा एकदा वाचा.

आणि हद्द वरून खालीही लागू होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांना पाच वर्षांची निश्चित मुदत दिली. मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे कारण मला माहीत आहे. पण नगरसेवकाविना चाललेल्या त्या कारभाराची तुमच्यापैकी किती जणांना बोच लागली?

लाडक्या बहिणीबद्दल तुमचं म्हणणं काय, असं मला सगळीकडे विचारलं गेलं, म्हणून तेही लिहितो. महिन्याला १५०० रुपये ज्या बाईच्या खात्यात येतात तिला मी नावं ठेवणार नाही. खरं तर पैसे थेट खात्यात येणं हे वस्तूवाटपापेक्षा बरं. मधे हात कमी लागतात. माझी हरकत वेगळी आहे. जुलै २०२४ मध्ये तुम्ही जवळपास ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या घेतल्या, या योजनेचा पैसाही त्यातच होता. इतका मोठा खर्च अर्थसंकल्पानंतर काही दिवसांत पुरवणी म्हणून येतो आणि त्यावर सभागृह किती वेळ देतं? लोकांचा पैसा खर्च करण्याआधी विधिमंडळाची संमती घ्यायची, यासाठी जगभर माणसांनी लढे दिले. तुम्ही ती संमती हात वर करून देऊन टाकता.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बिहार सरकारने १९६७ ते १९८१ या काळात काढलेले २५६ अध्यादेश त्यांनी एकेक करून तपासले. त्यातले काही पुन्हापुन्हा काढून चौदा-चौदा वर्षं जिवंत ठेवले होते, विधिमंडळाला न विचारता. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. बिहारच्या आमदारांनी जे विचारायला हवं होतं ते पुण्यातल्या एका अभ्यासकाने विचारलं. या राज्यात ती वेळ कुणा प्राध्यापकावर येऊ नये.

तर माझं मागणं. यापुढे कोणतंही विधेयक मांडताना त्याच्यासोबत एक पान जोडा, साध्या मराठीत: या कायद्याने नागरिकाला कोणती नवी परवानगी घ्यावी लागेल, ती कोण देईल, किती दिवसांत देईल, आणि त्या दिवसांत उत्तर आलं नाही तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'परवानगी मिळाली असं धरलं जाईल' हेच असलं पाहिजे. अधिकाऱ्याच्या गप्प बसण्याची किंमत अर्जदाराने का मोजावी?

दुसरं, परवाने आणि निर्बंध आणणाऱ्या कायद्यांना मुदत घाला. दहा वर्षांनी तो कायदा आपोआप संपेल. हवा असेल तर सभागृहाने पुन्हा चर्चा करून, पुन्हा मत देऊन तो जिवंत ठेवावा. हे परकं नाही. लोकसभा-विधानसभांतल्या राखीव जागांना घटनाकारांनी दहा वर्षांची मुदत घातली आणि दर वेळी देशाने विचार करून ती वाढवली. दहशतवादविरोधी टाडा कायद्याला मुदत होती, म्हणून १९९५ मध्ये तो संपला. नसती तर तो अजून असता. कापूस एकाधिकाराला दहा वर्षांची मुदत असती तर १९८२ मध्ये कुणीतरी या सभागृहात उभं राहून विचारलं असतं की चुकारे वेळेवर मिळतात का.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर नाटकापासून करा. संहिता आधी सरकारी मंडळाकडे पाठवण्याची सक्ती उठवा. त्याला तिजोरीतला एक रुपया लागत नाही, कुणाचं अनुदान कापावं लागत नाही. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात बोलल्या, त्या राज्यात नाटककाराला आपलं लिहिलेलं आधी सरकारला दाखवावं लागतं, ही गोष्ट एका अधिवेशनात संपवता येईल. येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी कुणी त्यासाठी अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं) आणणार असेल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, मसुदा लिहायला आम्ही माणसं देऊ. श्रेय तुमचं.

आणि त्या बाईंची वारसनोंद अजून व्हायची आहे. त्यांच्यासाठी मी पत्र मागत नाही.

आपला,
एका छोट्या पक्षाचा उमेदवार